पट्ट्यावरची बॅग

साउथॅम्प्टनच्या बंदरावर अकरा उन्हाळे
मी लोकांच्या बॅगा आरपार पाहिल्या.
पडद्यावर लोखंड निळं दिसतं;
खायचं, ल्यायचं, साबण, कागद – सगळं नारिंगी.
एकाने सात दिवसांसाठी चौदा बूट आणले होते.
एका बाईंनी किटली टॉवेलात गुंडाळून
तान्ह्या बाळासारखी निजवली होती.
किटली चालत नाही. इस्त्री नाही. मेणबत्ती तर नाहीच.
"आग लागली तर समुद्रात पळायला अंगण नसतं,"
हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणायचे.

यंदा आम्हीच निघालो. नॉर्वे, सात रात्री.
महिनाभर आधीपासून अवधूतला पढवत होते:

गोळ्या, चष्मा, पासपोर्ट, पोहायची चड्डी
हातातल्या पिशवीत ठेव.
मोठी बॅग खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत संध्याकाळ होते,
तोवर लोक तलावाकाठी
लोकरी पँटीत हताश बसलेले असतात.

लोहचुंबकाचे आकडे घे, चार तरी.
खोलीच्या भिंती लोखंडी; खिळा ठोकता येत नाही,
खुंटी चिकटवता येते.
त्यावर टॉवेल, छत्री, तुझी कानटोपी.
हो, जूनमध्येसुद्धा. लाजू नकोस.

आलेपाक मी घेतेय.
पोटात ढवळलं तर अंथरुणात तोंड खुपसायचं नाही,
जहाजाच्या कंबरेशी येऊन उभं राहायचं
आणि नजर क्षितिजाला टांगायची.
आपली खोलीही कंबरेशीच आहे. खिडकी नाही, पण स्वस्त.

पहिल्याच रात्री ताट भरू नकोस.
इथे वाढपी आग्रह करत नाहीत,
आपणच आपल्याला करतो, ते जास्त वाईट.

किनाऱ्यावर उतरलास की घड्याळ जहाजाचं.
फोन आपल्या मनाने वेळ बदलतो.
दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी परत.
गाडी अडकली म्हणून धावत आलेली माणसं
मी धक्क्यावर पाहिलीत,
आणि त्यांच्यापुढचं रिकामं पाणीही.

अवधूत हो हो म्हणत रुमालांच्या घड्या घालत होता.
तो रुमालाला इस्त्री करतो.
बनियनलाही करतो.

शनिवारी आमची बॅग पट्ट्यावर चढली.
पडद्यापाशी डेनीस, माझ्याच खुर्चीत.
पट्टा थांबला.
ते थांबणं मी झोपेतही ओळखेन.
"नुसता नारिंगी डोंगर गं," ती हसत म्हणाली,
"जहाजावर जेवण देतात, माहीत आहे ना?"
चिवडा, मेतकूट, लाडवांचे दोन डबे,
आणि डोंगराच्या पोटात,
खास जेवणाच्या रात्रीसाठी घेतलेल्या
माझ्या नारायणपेठीच्या घडीत,
निळी, टोकदार, होडीसारखी
इस्त्री.

मी अवधूतकडे पाहिलं.
अवधूतने पाण्याकडे.
डेनीसने पावती फाडली आणि माझं वाक्य
माझ्याच सुरात, अंगणासकट, मला ऐकवलं.

साडेचारला धक्का सुटला.
मेफ्लॉवर पार्कमधलं माझं बाक आलं,
जिथे बसून डबा खाताना
मी प्रत्येक जहाजाला हात करायचे.
वरून कुणाला दिसतो का, कधी कळलं नव्हतं.
दिसतो. तिळाएवढा, पण दिसतो.
आज तिथे कुत्रा घेऊन एक म्हातारा उभा होता.
मी दोन्ही हात केले.

आणखी एक सांगायचं राहिलंच.
चुरगळलेली साडी न्हाणीघरात टांगावी,
गरम पाणी सोडून दार लावावं,
पंधरा मिनिटं वाफ द्यावी.
चुण्या निम्म्या जातात.

उरलेल्या निम्म्या अवधूत
त्या बिनखिडकीच्या खोलीत,
नारायणपेठी मांडीवर घेऊन,
कितीतरी वेळ तळहाताने सपाट करत होता.